मोनालचं प्रिंट, त्यावरचे डाग आणि त्याचा रंग: एक प्रकरण

पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये राहणारं एक मराठी जोडपं, त्यांना मंदार आणि केतकी म्हणूया, नावं बदललीत आणि लिहायची परवानगी त्यांनीच दिलीय. एका जुन्या घरातलं सामान विकायला निघालं होतं तिथून त्यांनी फ्रेममधलं एक पक्ष्याचं चित्र घेतलं. चित्र नर मोनालचं, हा हिमालयात उंचावर राहणारा चमकदार पिसांचा पक्षी, खाली लॅटिन नाव, एका कोपऱ्यात बारीक अक्षरात "ड्रॉन फ्रॉम नेचर अँड ऑन स्टोन बाय ई. गूल्ड" आणि दुसऱ्या कोपऱ्यात "प्रिंटेड बाय सी. हुलमांडेल". घ्यायचं कारण एकदम घरगुती. मंदारचे वडील, अप्पा, पुण्यात असतात, पक्षी बघायचं जुनं वेड, उत्तराखंडात चोपत्याहून तुंगनाथला चढताना त्यांना मोनाल दिसला होता आणि ती गोष्ट त्या घरात सगळ्यांना पाठ आहे. म्हणून हे चित्र अप्पांसाठी.

माझं काम कागद-संवर्धनाचं, म्हणजे जुने कागद, नकाशे, प्रिंट्स वगैरे टिकवायचं. केतकीने फोटो पाठवून विचारलं की हे खरं आहे का आणि हे डाग जातील का. दोन्ही प्रश्न एका दमात विचारले होते पण त्यांची उत्तरं एकमेकांवर अवलंबून निघाली, आणि म्हणूनच हे सगळं सविस्तर लिहावंसं वाटलं.

आधी हे प्रिंट कुठलं ते सांगतो. 1830 च्या सुमारास हिमालयातून पक्ष्यांच्या कातड्यांचा एक संग्रह लंडनला पोचला. जॉन गूल्ड तेव्हा तिथल्या झूलॉजिकल सोसायटीत नोकरीला होता, मेलेल्या पक्ष्यांत पेंढा भरून ते मांडायचं त्याचं काम, आणि त्याच्या लक्षात आलं की यातले बरेच पक्षी युरोपात कोणी चितारलेलेच नाहीयेत. प्रकाशक मिळाला नाही म्हणून त्याने स्वतःच छापायला घेतलं. 1830 ते 1832 मध्ये भागाभागाने निघालेलं "अ सेंच्युरी ऑफ बर्ड्स फ्रॉम द हिमालया माउंटन्स" ते हेच, 80 प्लेट्स, म्हणजे पानभर छापलेली चित्रं, आणि शंभरेक पक्षी. मजकूर निकोलस व्हिगर्सने लिहिला. आणि चित्रं, हे महत्त्वाचं, चित्रं जॉनने नाही काढली. तो कच्चं रेखाटन करून द्यायचा, पण दगडावर चित्र उतरवलं ते त्याच्या बायकोने, एलिझाबेथने. कोपऱ्यातला "ई." तो तिचा. 1804 चा जन्म, लग्नाआधी गव्हर्नेस होती, लग्न 1829 मध्ये झालं आणि त्यानंतर लगेच ती लिथोग्राफी, म्हणजे दगडावरून चित्र छापायची कला, शिकली, आणि 1841 मध्ये आठव्या बाळंतपणानंतर गेली. सदतीस वर्षांचं आयुष्य आणि त्यातली जेमतेम अकरा वर्षं कामाची. फ्रेमच्या मागे कोणीतरी पेन्सिलीने "जॉन गूल्ड" एवढंच लिहून ठेवलं होतं, ते वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण समोरच्या बाजूला तिची सही धडधडीत छापलेली आहे.

छपाई अशी व्हायची की चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं, मग दगड ओला करून त्यावर तेलकट शाई फिरवायची, शाई फक्त खडूच्या जागी धरते, आणि त्याचा छाप कागदावर घ्यायचा. छाप निघतो काळा. रंग त्यानंतर, एकेका प्रतीवर, हाताने, जलरंगाने. समोर एक नमुना ठेवलेला असायचा आणि रंगवणारे तो बघून भरत जायचे. गूल्डच्या रंगकामात गॅब्रिएल बेफील्डचं नाव येतं, बाकी त्याच्या हाताखालच्या लोकांची नावं प्लेटवर कुठेच नाहीत. म्हणजे या एका कागदावर किती जणांचे हात लागलेत बघा, पक्षी मारणारा कोणी हिमालयातला, पेंढा भरणारा, दगडावर काढणारी, छापणारा, रंग भरणारा किंवा भरणारी.

आणि मोनालचा तर कलकत्त्याशीही संबंध आहे. त्याच्या लॅटिन नावात जे इम्पेयानस आहे ते लेडी मेरी इम्पीवरून, तिचा नवरा एलिजा इम्पी कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाचा पहिला सरन्यायाधीश, आणि तिने घरी पाळलेल्या पशुपक्ष्यांची चित्रं शेख झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास या पाटण्याच्या चित्रकारांकडून करून घेतली होती. गूल्डच्या पुस्तकाच्या पन्नासेक वर्षं आधी. अप्पांना हे फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग आपल्याकडचेच चित्रकार पहिले, असं म्हण ना." म्हटलं हो अप्पा, तसंच आहे.

अडचण

चित्राची अवस्था अशी होती. कागदभर तपकिरी ठिपके, ज्याला फॉक्सिंग म्हणतात. चारी बाजूंनी माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीच्या, कडेलगत पिवळट-तपकिरी पट्टा, स्वस्त माउंटबोर्डातलं आम्ल कागदात उतरलं की असा पट्टा पडतो. खाली डाव्या कोपऱ्यात कधीतरी पाणी शिरलेलं, त्याची लाटेसारखी कड वाळून बसलेली. आणि वरच्या कडेला मागून सेलोटेप, त्याचा डिंक पुढच्या बाजूपर्यंत आलेला.

दोन लोकांना त्यांनी माझ्याआधी विचारलं होतं. एका लिलाववाल्याने फोटो बघून ईमेल केलं की पक्ष्याच्या पायाखालचे खडक आणि झाडोरासुद्धा रंगवलेला आहे, मूळ पुस्तकात पार्श्वभूमी कोरी असते, तेव्हा हा रंग नंतर कोणीतरी भरलेला आहे आणि याला शोभेच्या चित्राची किंमत येईल, द्यायचं असेल तर आम्ही घेतो. दुसरा एक फ्रेमवाला. तो म्हणाला धुवून, हलकं ब्लीच करून, मग कागदातलं आम्ल घालवणारा स्प्रे मारून पांढरंशुभ्र करून देतो.

मंदारला दोन्ही पटलं होतं! म्हणजे रंग नंतरचाच आहे तर धुवायला काय हरकत आहे, असा त्याचा सरळ हिशोब. आणि अप्पांचं वेगळंच चाललं होतं, त्यांना चित्र पुण्याला हवं होतं, डागांसकट चालेल, पण यंदाच्या फेरीत घेऊन या.

म्हणजे प्रश्न तीन होते: खरं की नक्कल, रंग कधीचा, आणि डागांचं काय. मी त्यांना पहिल्यांदा एवढंच सांगितलं की दुसऱ्याचं उत्तर मिळेपर्यंत तिसऱ्याला हात लावायचा नाही. हाताने रंगवलेल्या प्रिंटमध्ये रंग हाच जीव असतो, छाप एकाच दगडावरून शेकडो निघतात पण रंग प्रत्येकावर वेगळा बसलेला असतो, आणि कागदाला जे मानवतं ते रंगाला मानवेलच असं नाही.

पर्याय काय होते

विकून टाकणं हा एक. सोपा आणि पैसेही मिळाले असते. पण शोभेच्या किमतीत विकायचं म्हणजे ते ईमेल खरं धरायचं, आणि ईमेलमधलं एक वाक्य अर्धवट होतं. या पुस्तकाच्या सुरुवातीच्या प्रतींमध्ये पार्श्वभूमी खरोखरच कोरी ठेवलेली आहे, फक्त पक्षी रंगवलेला. पण नंतरच्या प्रतींमध्ये गूल्डने पार्श्वभूमीही रंगवून दिली. म्हणजे रंगवलेले खडक बघून दोन गोष्टी शक्य आहेत, एक तर प्रत नंतरची आहे, किंवा प्रत पहिली आहे आणि मागाहून कोणा दुकानदाराने विक्री वाढावी म्हणून रंग चढवलाय. दुसरी गोष्टही पुष्कळदा घडलेली आहे, जुनी पुस्तकं फोडून एकेक प्लेट विकायचा धंदा चालला तेव्हा कोऱ्या जागा भरून घेणं सर्रास व्हायचं. फोटोवरून यातलं कुठलं ते कळत नाही. कोणालाच कळणार नाही.

धुणं आणि ब्लीच करणं हा फ्रेमवाल्याचा पर्याय. यावर मी जरा जास्त बोललो कारण लोक इथेच फसतात. जलरंग कागदाला धरून राहतो तो डिंकाने, बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक, गम अरेबिक. पाण्यात तो सुटतो. गडद जागी, म्हणजे मोनालच्या काळ्या पोटावर वगैरे, वरून आणखी डिंकाचा हात दिलेला असतो, त्याने काळा रंग खोल दिसतो आणि तिरकं धरलं की चमकतो, ती चमक पहिल्या धुण्यातच जाते. क्लोरीनच्या ब्लीचने कागद पांढरा होतो खरा, पण तंतू कमजोर होतात आणि क्लोरीनचा अंश राहिला तर आतून पोखरत राहतो. आणि तो स्प्रे. आम्ल घालवायचं म्हणजे त्याच्या उलट गुणाची अल्कली घालायची, आणि त्या काळात निळ्यासाठी सगळीकडे वापरला जाणारा प्रशियन ब्लू अल्कलीत टिकत नाही, तपकिरी होत जातो. ज्या पक्ष्याची पाठच निळी-जांभळी आहे त्याच्यावर हा स्प्रे मारायचा म्हणजे काय होईल ते सांगायला नको.

पुण्याला नेणं हा अप्पांचा पर्याय. त्यात दोन अडथळे. पावसाळ्यातली दमट हवा, बुरशी आणि कसर, कागद खाणारी कसर आपल्याकडे कुठल्या घरात नाही? याला तरी उपाय आहेत, चांगली सीलबंद फ्रेम, आतली भिंत. दुसरा अडथळा कायद्याचा. 1972 च्या पुरातन वस्तू कायद्यानुसार 100 वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी माणसाला भारताबाहेर नेता येत नाही. उद्या मंदार-केतकीला ते परत इंग्लंडात आणायचं म्हटलं तर अवघड होऊन बसेल. आणि दुरुस्ती न करता, ठिसूळ झालेल्या माउंटमध्ये, विमानाच्या बॅगेत न्यायचं हे तर मला अजिबात मान्य नव्हतं.

राहिला शेवटचा पर्याय: आधी नीट तपासायचं, मग कोरड्या पद्धतीने जेवढं होईल तेवढंच करायचं, डाग राहिले तर राहू द्यायचे. यात पैसा जातो आणि समोर दिसणारा फरक कमी पडतो, त्यामुळे तो गळी उतरवणं सगळ्यात कठीण. केतकी लगेच तयार झाली. मंदारने आठवडाभर घेतला.

काय केलं

फ्रेम उघडली. इथे एक गोष्ट आधीच हातची गेली होती, मागचा तपकिरी कागद मंदारने घरीच फाडून टाकला होता, धुळीने भरलेला म्हणून, आणि त्यावर फ्रेम करणाऱ्या दुकानाचं लेबल होतं. सुदैवाने विकणाऱ्याच्या जाहिरातीत पाठीमागचा एक फोटो होता, त्यात अर्धं लेबल दिसत होतं, दुकानाचं तुटकं नाव आणि चार आकडी टेलिफोन नंबर. म्हणजे फ्रेम टेलिफोन आल्यानंतरची पण बरीच जुनी, एवढं तरी हाती लागलं.

खरं की नक्कल याचं उत्तर भिंगाखाली पटकन मिळालं. नक्कल असती तर रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली असती, मासिकातल्या फोटोसारखी. इथे काळी रेष खडूची, कणीदार, दगडाच्या पोतावर अडकत अडकत गेलेली, आणि रंग त्या रेषेच्या वरून वाहिलेला. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्राला कडेने दाबाचा चौकोनी ठसा उमटतो, तसा इथे नव्हता, दगडावरच्या छपाईत तो नसतोच. अंधारात यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांची, टॉर्च लावली तर कागद मंद दिसला. साधारण 1950 नंतरच्या बऱ्याच कागदांत पांढरेपणासाठी जे रसायन घालतात त्याने कागद निळा-पांढरा झगमगतो, तसं काही नाही.

मग रंग. इथे मी बराच वेळ घालवला आणि मला आवडतंही तेच काम. मोनालच्या डोक्यावर तारेसारख्या दांड्यांचा तुरा असतो, प्रत्येकाच्या टोकाला चमच्यासारखं पातं. रंगवणाऱ्याने प्रत्येक पात्यात हिरव्याचा एक एक ठिपका ठेवलाय, आणि दोन ठिकाणी तो ठिपका छापलेल्या रेषेच्या केसभर बाहेर गेलाय. मानेवर तांबूस रंग आधी फिका संपूर्ण पसरलाय, तो वाळल्यावर वरून गडद रंगाचे छोटे छोटे फटकारे, सगळे वरून खाली, एकाच दिशेने, उजव्या हाताने भराभर मारलेले. मग तांब्याचा हिरवा होत जातो तिथे दोन रंग ओले असतानाच एकमेकांत सोडलेत. पोटाच्या काळ्यावर डिंकाचा थर, त्याला बारीक जाळीसारख्या भेगा. डोळ्याभोवतीची निळी कातडी मात्र सपाट, एकच हात, घाई दिसते. किती पेन्स मिळत असतील त्या माणसाला एका प्लेटचे, आणि तरी मानेवर एवढा जीव ओतलाय.

पक्ष्याचा रंग जुना याबद्दल मला शंका उरली नाही. प्रश्न खालच्या खडकांचा होता. त्याचं उत्तर डागांनीच दिलं! पाण्याची जी लाट कोपऱ्यात वाळली होती तिची तपकिरी कड खडकाच्या हिरव्या-करड्या रंगावरून गेलेली दिसत होती, रंग थोडा सरकून कडेला साचलेला. म्हणजे पाणी शिरलं तेव्हा रंग तिथे आधीपासून होता. तसंच माउंटखाली झाकलेल्या पट्टीत हिरवा उजळ होता आणि उघड्या भागात फिका, म्हणजे फ्रेम व्हायच्या आधीच रंग होता आणि नंतर वर्षानुवर्षं उजेड खाऊन फिकटला. ब्लीच केलं असतं तर हा सगळा पुरावा पाण्यात गेला असता. डाग म्हणजे घाण एवढंच डोक्यात असलं की असं होतं.

पण एक जागा वेगळी निघाली. डाव्या कोपऱ्यातल्या झाडोऱ्याची दोन-तीन पानं, साधारण अंगठ्याएवढा भाग, यूव्हीखाली आजूबाजूच्यापेक्षा एकदम काळा दिसत होता आणि तिथला रंग पाण्याच्या कडेच्या वर बसला होता. एका ओळखीच्या प्रयोगशाळेत एक्स-रे फ्लूरोसन्सची तपासणी करून घेतली, म्हणजे एक्स-रे टाकून रंगात कुठली मूलद्रव्यं आहेत ते बघायचं, नमुना खरवडावा लागत नाही, यंत्र नुसतं जवळ धरतात. कोऱ्या समासाचं, जुन्या हिरव्याचं आणि त्या पानांचं असं वेगवेगळं रीडिंग घेतलं, कोऱ्या कागदाचं घ्यायचं कारण असं की एखादं मूलद्रव्य कागदातच असेल तर ते रंगाच्या खात्यात चुकून जमा होऊ नये. जुन्या हिरव्यात तांबं आणि आर्सेनिक. त्या पानांत टायटॅनियम, जे समासात नव्हतं.

टायटॅनियमचा पांढरा रंग बाजारात आला तो पहिल्या महायुद्धाच्या आसपास आणि त्यानंतर, तेव्हा ती पानं विसाव्या शतकातली डागडुजी, पाण्याने गेलेला रंग कोणीतरी भरून काढलाय. आणि तांबं-आर्सेनिकचा हिरवा, ज्याला एमराल्ड ग्रीन म्हणतात तो 1814 पासूनचा आणि त्याआधीचा शीलेचा हिरवा 1770 च्या दशकातला, तेव्हा गूल्डच्या काळाशी जुळतं. जुळतं एवढंच म्हणतोय, कारण हा रंग पुढेही बरीच वर्षं विकला जात होता, एकट्या या रीडिंगवर कोणी 1832 लिहून देऊ नये. पण पाण्याची कड, माउंटखालची पट्टी, डिंकाच्या भेगा आणि हे, असं सगळं एकत्र धरलं तर माझं मत पक्कं झालं की पार्श्वभूमी मुळातच रंगवलेली होती, म्हणजे प्रत नंतरची, आणि नंतरचा हात फक्त त्या अंगठ्याएवढ्या जागेत.

आर्सेनिक म्हटल्यावर केतकी घाबरली, घरात चार वर्षांची मुलगी आहे. काचेमागे असलेल्या चित्राने काही होत नाही, पण उघड्या चित्राला मुलाने हात लावून तोंडात घालणं, किंवा आपणच ते कोरड्या फडक्याने पुसणं, हे करायचं नाही. हातमोजे घालायचे. एवढं पुरतं.

यानंतरचं काम शांतपणे झालं. वरवरची धूळ मऊ रबराच्या स्पंजने, फक्त कोऱ्या समासात आणि पाठीवर, रंगाच्या जवळही गेलो नाही. सेलोटेपची पट्टी मागून थोडी ऊब देऊन सोडवली, उरलेला चिकटा रबराने गोळा केला, पण कागदात मुरलेला पिवळेपणा राहिला तो राहिलाच. वरच्या कडेला फाटलेली जागा जपानी कागदाच्या पातळ पट्टीने आणि गव्हाच्या स्टार्चच्या खळीने सांधली, ही खळ पुढे कधी काढायची झाली तर ओलाव्याने निघते. फॉक्सिंगला हात नाही. पाणी नाही, ब्लीच नाही, स्प्रे नाही. कापसाच्या लगद्याचा आम्लरहित माउंट, आणि त्याची खिडकी थोडी मोठी कापली म्हणजे कोपऱ्यातली एलिझाबेथची सही आणि हुलमांडेलचं नाव दोन्ही दिसतात, आधीच्या माउंटखाली ती अर्धी दबली होती.

त्या नंतरच्या पानांवरून मात्र वाद झाला. मंदार म्हणाला खोटा रंग आहे तर काढून टाका. काढता आला असता कदाचित, ओलसर कापसाच्या बोळ्याने. पण त्याच्या खाली काय उरलंय ते माहीत नव्हतं, बहुतेक कोरा, पाण्याने खराब झालेला कागद, आणि बोळा फिरवताना शेजारचा जुना हिरवाही हलला असता. मी नाही म्हटलं. केतकीने मधला मार्ग काढला, त्या जागेचा साध्या उजेडातला आणि यूव्हीतला असे दोन फोटो, रीडिंगसकट, फ्रेमच्या मागे पाकिटात ठेवायचे. जो कोणी पुढे उघडेल त्याला कळेल.

निकाल

चित्र आता त्यांच्या घरात जिन्याजवळच्या आतल्या भिंतीवर आहे, तिथे खिडकीचं ऊन पोचत नाही, पुढे यूव्ही अडवणारं अॅक्रिलिक. अशा रंगांना संग्रहालयात 50 लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं माप) आसपास उजेड देतात, घरी तेवढं काटेकोर जमत नाही, पण वरचा दिवा त्यांनी बदलला आणि पाहुणे आले की लावतात. गेलेला रंग परत येत नाही, उजेडाचा हिशोब फक्त वाढत जातो.

लिलाववाल्याला तपासणीचा अहवाल पाठवला तर त्याने आकडा वाढवून दिला. त्यांनी विकलं नाही. विम्यासाठी मात्र तो आकडा उपयोगी पडला.

अप्पांना मूळ चित्र मिळालं नाही आणि सुरुवातीला ते थोडे हिरमुसले होते, खोटं कशाला सांगू. त्यांच्यासाठी चांगल्या कॅमेऱ्याने पूर्ण आकाराचा फोटो काढून पुण्यातच छापून घेतला, आणि त्याच्याबरोबर मानेच्या पिसांचा, भिंगातून काढलेला वेगळा फोटो. त्यांना तो दुसराच जास्त आवडला. व्हिडिओ कॉलवर त्यांनी एक गोष्ट दाखवून दिली जी आमच्या कोणाच्या लक्षात आली नव्हती, की मोनाल उडतो तेव्हा पाठीवरचा जो पांढरा पट्टा झळकतो, तुंगनाथला त्यांनी पक्षी ओळखला तोच मुळी त्या पट्ट्यावरून, तो या चित्रात नीट दिसतच नाही. म्हटलं अप्पा, काढणारीच्या समोर वाळलेली कातडी होती, उतारावरून खाली झेपावणारा पक्षी तिने पाहिलेला नव्हता. त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "न बघता एवढं काढलं?"

आज करायचं तर काय वेगळं

सगळ्यात आधी, फ्रेमचा मागचा कागद. तो फाडायच्या आधी फोटो, आणि लेबल असेल तर ते कापून जपून ठेवायचं. ते पूर्ण लेबल असतं तर दुकान कधी चालू होतं हे जुन्या व्यापारी सूचीत शोधता आलं असतं आणि "फ्रेमच्या आधीपासून रंग होता" या वाक्याला एक तारीख मिळाली असती. आता ती मिळणार नाही. आपल्याकडे जुन्या वाड्यांतले फोटो, रविवर्म्याच्या छापखान्यातली ओलिओग्राफं, म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी छापील चित्रं, सोडवतानाही लोक पहिल्यांदा मागचा कागद फेकतात, तेव्हा हे तिकडेही लागू आहे.

दुसरं, ते ईमेल आल्यावर एक उलट प्रश्न विचारायला हवा होता: "नंतरचा रंग" हे कशावरून? मंदारने विचारला नाही कारण समोरचा माणूस धंद्यातला. पण जो माणूस घ्यायला तयार आहे त्याचंच मत किमतीसाठी घ्यायचं यात अडचण आहे, तो प्रामाणिक असला तरीही. पहिलं मत अशा कोणाचं घ्या ज्याला ते विकत घ्यायचं नाही.

तपासणी एवढी हवी होती का, यावर माझं आणि माझ्या एका सहकारी बाईंचं एकमत नाही. त्यांचं म्हणणं, पाण्याची कड आणि माउंटखालची पट्टी भिंगाखाली दिसली तिथेच उत्तर मिळालं होतं, एक्स-रेचा खर्च त्या जोडप्याला पडला नसता तरी चाललं असतं. रंगाच्या वयापुरतं त्यांचं बरोबर आहे. पण आर्सेनिक कळलं ते त्या तपासणीतून, आणि घरात लहान मूल असताना ते कळायला हवंच होतं असं मला वाटतं. हिरवा रंग मुबलक असलेलं एकोणिसाव्या शतकातलं काहीही घरात असेल, प्रिंट असो की कापडी बांधणीचं पुस्तक, तर मी अजूनही हा खर्च करा असंच सांगेन.

आणि ती पानं. मंदार अजून अधूनमधून विचारतो. पाणी न वापरता नंतरचा रंग उतरवायची एखादी खात्रीची रीत पुढे मिळाली तर बघू, असं त्याला सांगून ठेवलंय, फोटो आणि रीडिंग पाकिटात आहेतच. तोपर्यंत खडकाच्या डाव्या बाजूची ती दोन-तीन पानं विसाव्या शतकातल्या कोणातरी माणसाची आणि बाकी सगळं गूल्डच्या घरचं, असंच ते राहणार आहे.